मी कुलूप लावलेली लिफ्ट

तुमच्या इमारतीची लिफ्ट शेवटची मुद्दाम पाडून कधी बघितली होती?

सोसायट्यांच्या बैठकीत मी हे विचारते तेव्हा लोक आधी हसतात. मग कुणीतरी म्हणतं, "मॅडम, लिफ्ट पडू नये म्हणून तुम्हाला बोलावलंय, पाडायला नाही." मग मी समजावते. लिफ्ट पोलादी दोरांना टांगलेली असते हे सगळ्यांना माहीत आहे. पण दोर तुटले, किंवा ब्रेक धरेना, तर तिला वाचवणारी वस्तू तिच्या पायाखाली असते. लिफ्टच्या तळाला दोन बाजूंना दोन जबडे असतात. ती ठरलेल्या वेगापेक्षा जास्त जोरात खाली येऊ लागली, की वर बसवलेलं एक चाक त्या जबड्यांची दोरी ओढतं, आणि जबडे शेजारच्या उभ्या रुळांना कडकडून चावतात. लिफ्ट आहे तिथे थांबते. हे जबडे चावतात की नाही, हे कळायचा मार्ग एकच. लिफ्ट रिकामी करायची, अगदी खालच्या मजल्याजवळ आणायची, हळू वेगात खाली सोडायची आणि ते चाक हाताने अडकवायचं. चावले तर ठीक.

लोक मला लिफ्टमधल्या आरशाबद्दल विचारतात. पंख्याबद्दल विचारतात. दार उघडं राहिलं की जी बाई बोलते, तिला मराठीत बोलायला लावता येईल का, असंही एकांनी विचारलं होतं. जबड्यांबद्दल मला आजवर आपणहून एकाच माणसाने विचारलं. मला त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी, मी तिथवर कशी पोचले ते थोडक्यात.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. "म्हणजे गाड्या दुरुस्त करतेस?" असं नातेवाईक विचारतात. नाही. माणूस आणि यंत्र जिथे एकमेकांना भेटतात, तिथे माणसाचं काय होतं हे बघणं, हा मी माझ्यापुरता लावलेला अर्थ. माझे वडील गिरणी गेल्यावर घाटकोपरला एका लेथवर उभे राहिले आणि उरलेल्या वेळात कामगारांची पत्रकं लिहीत राहिले. घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. त्यामुळे कुठलंही यंत्र पाहिलं की त्याच्यासमोर कोण उभं आहे, हे मी आधी बघते. या सवयीने मला नोकऱ्या दिल्या आणि घालवल्याही.

पहिली नोकरी साकीनाक्याला, पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका लहान कारखान्यात. तिथल्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली येणार, म्हणजे दोन्ही हात बाहेर. साधी, सुंदर कल्पना. पण काम लवकर उरकावं म्हणून एका बटणात आगकाडी खोचून ठेवायची तिथे रीत होती. एका हाताने भाग आत सरकवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं. मी आगकाड्या काढत फिरायचे, माझ्यामागे पुन्हा खोचल्या जायच्या. एका माणसाची दोन बोटं गेली, त्या दिवशी मालकाने प्रेसला हार घातला, नारळ फोडला आणि दुपारच्या पाळीला प्रेस सुरू केली. मी म्हटलं, "शेट, नारळ फोडलात, आगकाडी तरी काढायची होती." तो म्हणाला, "तू शिकलेली आहेस ना, मग नोकरी कर, भाषण नको देऊ." मी बटणांची जोडणी बदलली, दर ठोक्याला दोन्ही सोडून पुन्हा दाबल्याशिवाय प्रेस हलेना, आगकाडी खोचून उपयोगच नव्हता. मला वर्षअखेरीला नारळ मिळाला. नोकरी गेल्याचा.

दुसरी नोकरी मालाडच्या एका काचेच्या इमारतीत, थंड हवेचा प्लांट सांभाळायची. तिथे भिंतीभिंतीवर तापमान कमीजास्त करायची छोटी बटणं होती. बहुतेक बटणांच्या मागे तार नव्हती. ती कशालाच जोडलेली नव्हती. कर्मचारी यायचे, बटण फिरवायचे, "आता कसं बरं वाटतंय" म्हणायचे. "ही जोडायची का?" मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, ती जोडली तर भांडणं होतील. लोकांना बटण हवं असतं, हवा नाही." मी हसले होते. ते वाक्य नंतर फार वेगळ्या जागी आठवलं.

मग लिफ्ट. एका ओळखीच्या माणसाने देखभालीचा छोटा धंदा सुरू केला होता, मी त्यात शिरले. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, गोवंडी. गोवंडीच्या पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये लिफ्ट बंद असणं ही बातमीच नाही, तिथे लिफ्ट चालू झाली तर पोरं बघायला जमतात. त्यांच्या इमारतींत काय चाललंय, हे मुलुंडच्या लोकांना वर्तमानपत्रात वाचायला आवडतं. आपल्या इमारतीत काय चाललंय ते मात्र त्यांना विचारू नये.

मुलुंड पूर्वेची ती सोसायटी सात मजल्यांची, जुनी, एकाच लिफ्टची. गेली कित्येक वर्षं ती रिडेव्हलपमेंटला जाणार होती. "येत्या वर्षभरात" जाणार होती, दरवर्षी. म्हणून गच्चीची गळती काढली नव्हती, जिन्याला रंग नव्हता, आणि लिफ्टची आधीची देखभाल कशी झाली असेल याचा अंदाज मला मशीनरूमच्या दाराच्या कडीला हात लावल्यावरच आला. कडी हातात आली.

माझ्याबरोबर परबमामा होते. निवृत्तीला आलेले तंत्रज्ञ, मूळ मालवणचे, आणि लिफ्टशी बोलतात तेही मालवणीतच. आधी दोर पाहिले. दोर तपासायची पद्धत सोपी आहे, त्यावर सुती फडकं धरायचं आणि दोर हळू फिरवायचा. आतली तार तुटली असेल तर फडकं अडकतं. फडकं अडकत राहिलं. मग लिफ्ट रिकामी करून खाली आणली, मामा खाली थांबले, मी वरून चाक अडकवलं.

लिफ्ट थांबली नाही. शांतपणे, जणू काही झालंच नाही अशी, खाली येत राहिली. मी मेन स्विच ओढला.

खालून मामांचा आवाज आला. "मॅडम, जबडो धरूकच नाय! कोणीतरी वरसून रंग फासल्यानी."

कुणीतरी कधीतरी लिफ्ट "स्वच्छ" करताना जबड्यांवर तेलरंग मारला होता. त्यावर गंज, त्यावर पुन्हा रंग. ते दगड झाले होते.

मी सेक्रेटरींना बोलावलं. कर्णिक त्यांचं नाव, बँकेतून निवृत्त, सज्जन माणूस. हे मी उपरोधाने लिहीत नाहीये. या गोष्टीत दुष्ट माणूस शोधायला जाल तर सापडणार नाही. मीही शोधला.

"अहो मॅडम, पण आजवर पडली का कधी?" कर्णिक म्हणाले.

"नाही."

"मग?"

"काका, तुम्ही आजवर कधी वारलात का?"

मामा तोंड फिरवून हसले. कर्णिकांनाही हसू आलं. मग ते गंभीर झाले. "हे बघा, बिल्डिंगच जाणारेय. आता हिला नवे दोर घालायचे म्हणजे मसणात निघालेल्याला नवं धोतर."

"मग जाईपर्यंत बंद ठेवा."

मी मेन स्विच खाली केला, मशीनरूमला नवी कडी आणि कुलूप लावलं, आणि खाली येऊन प्रत्येक मजल्यावर "लिफ्ट धोकादायक, वापरू नये" अशी पाटी अडकवत वर गेले. सातव्या मजल्यावर पाटी लावताना समोरचं दार उघडलं. मयेकरकाका वॉकर घेऊन उभे होते.

मयेकरकाका भांडुपच्या एका कारखान्यात साचे बनवायचे. आता त्यांची मूत्रपिंडं काम करत नव्हती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मुलुंड पश्चिमेच्या केंद्रात. घरात ते आणि काकू, मूलबाळ नाही. पायात त्राण नव्हतं, एक मजलासुद्धा त्यांना उतरता आला नसता. हे सगळं मला दारातच, एका दमात, काकूंनी सांगितलं. लिफ्ट बंद म्हणजे काय, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

काकांनी मला आत बोलावलं. "बस गं, इंजिनीअरीणबाई. काय सापडलं?"

"दोर गेलेत. आणि खालचे जबडे..."

"धरत नाहीत?"

"तुम्हाला जबडे माहीत आहेत?"

"अगं, मी गेल्या वर्षीपासून विचारतोय त्यांना, जबडे कधी तपासले. ते म्हणतात, काका, तुम्ही आराम करा." ते खोकले. मग म्हणाले, "बंद कर."

"अहो!" काकू म्हणाल्या.

"काय अहो? शाळेची पोरं चढतात त्यात. एखाद दिवशी गेली तर मी काय खिडकीतून बघत बसू?"

"आणि तुम्ही खाली कसे जाणार?"

"लोक नेतील. एवढी वर्षं राहिलो इथे. नेतील की."

त्यांना खाली जाता आलं तर ते जगतील, नाही तर नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीत एवढा एकच प्रश्न होता, आणि तो इमारतीतल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून माहीत होता.

मी आणि मामांनी एक खुर्ची बनवली. लाकडी खुर्ची, दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमचे पाइप, आमच्या कामाचे सुरक्षापट्टे कापून छातीला आणि मांड्यांना. जिन्याच्या वळणावर पाइप भिंतीला अडू नयेत म्हणून ते मागेपुढे सरकणारे केले. चौघांनी उचलायची. माझ्या आयुष्यात मी बनवलेली ती सगळ्यात उपयोगी वस्तू होती, आणि ती बनवताना मला लाज वाटत होती. माणूस उतरवायला यंत्र बंद करून चार माणसं जुंपायची, याला इंजिनिअरिंग म्हणत नाहीत.

सुरुवातीला माणसं भरपूर. "सातवा मजला सेवा" असा फोनवर गट निघाला. कोण कोणत्या दिवशी, ते त्यावर ठरायचं. कर्णिक स्वतः पुढच्या पाइपला. पहिल्यांदा उतरवलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावर एका घराचं चपलांचं कपाट जिन्यात आडवं आलं. चौघं तिरके झाले, काका कलंडले.

"अहो, हे कपाट जरा आत घ्या ना!" मी म्हटलं.

दार किलकिलं झालं. "आत जागा कुठाय ताई? बिल्डिंग जाणारच आहे आता, तेवढ्यासाठी कशाला?"

खाली पोचल्यावर एका मुलाने फोटो काढला. काका म्हणाले, "थांब रे, जरा केस तरी विंचरू दे. लोकांना वाटेल सामान हलवतायत." फोटो फिरला, खाली लिहिलं होतं, माणुसकी अजून जिवंत आहे. शेजारच्या सोसायटीतून टाळ्यांची चित्रं आली.

इकडे मी दुरुस्तीच्या मागे लागले होते. जबड्यांची मूळ कंपनी बंद पडलेली, पण भाग बनवून घेता येत होता. सोसायटीने हो म्हणायचा अवकाश होता. सभा पार्किंगमध्ये भरली. टेबलावर बिल्डरची रंगीत पुस्तिका होती, तिच्यात नव्या इमारतीत दोन वेगवान लिफ्ट, आत उभी असलेली गोरीपान माणसं.

तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "आम्ही लिफ्ट वापरतच नाही." कुणी म्हणालं, "सहा महिने कळ काढू, करार होतोच आहे." कुणी म्हणालं, "आत्ता नवीन भाग घातले तर बिल्डर म्हणेल, इमारत चांगली आहे, कशाला पाडता?" यावर लोक गंभीरपणे विचार करू लागले.

मी उभी राहिले. "नवी इमारत कागदावर आहे. मयेकरकाका सातव्या मजल्यावर आहेत. तुम्ही त्यांना त्या पुस्तिकेतल्या लिफ्टने खाली आणणार आहात का?"

"मॅडम, भाषण नको. तुम्हाला काम मिळायला हवं म्हणून तुम्ही घाबरवताय, असंही लोक म्हणतात."

"मग काम मला देऊ नका. कुणालाही द्या. पण करा."

त्यांनी दुसऱ्या एका कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्याने फडकं फिरवलं, जबडे पाहिले आणि सही न करता गेला. म्हणजे चालवा म्हणायला कुणी तयार नव्हतं, आणि दुरुस्त करा म्हणायलाही कुणी तयार नव्हतं. इतिवृत्तात लिहिलं गेलं, विषय पुढील सभेत घेण्यात येईल.

मी गप्प बसले नाही. तळमजल्यावरची एक सदनिका रिकामी होती, मालक पुण्याला. मी फोन केला. तो म्हणाला, "ताई, समजतंय हो. माझे वडील असेच गेले. पण रिडेव्हलपमेंटचं चालू आहे ना, आत कुणी राहायला आलं की नंतर हक्काचं लफडं होतं. मला वाईट वाटतंय, खरंच." त्याला खरंच वाईट वाटत होतं, आवाजात ते ऐकू येत होतं. भाड्याची जागा बघितली. रुग्ण आहे म्हटल्यावर एजंटने फोन उचलणं सोडलं.

एके दिवशी मशीनरूमच्या दाराशी परबमामा थांबले. "मॅडम, एकट्या म्हाताऱ्यासाठी चालवया मा. आठवड्याक तीनच दीस. मी वर ऱ्हवतंय, हळू सोडतंय. काय जातला आपला?"

त्यांचं बरोबर होतं. एका माणसाला घेऊन, हळू, लिफ्ट त्या दिवशी पडलीच असती असं नाही. बहुधा पडलीच नसती. तुटके दोर महिनोन् महिने चालतात. मी किल्ली खिशात घट्ट धरून सातव्या मजल्यावर गेले आणि काकांनाच विचारलं.

ते म्हणाले, "माझ्यासाठी चालली, की सगळ्यांना कळणार, ती चालते. मग उद्या गॅसचा सिलिंडर. परवा लग्नाचं सामान. मग सगळेच. नको."

"काका, मी कुलूप लावीन ना मागे."

"तुझं कुलूप फोडायला त्यांना कितीसा वेळ? आज ते तुझ्या कुलपाला घाबरत नाहीत गं, त्या पाटीला घाबरतात. पाटी खोटी नको करूस."

मी किल्ली खिशातच राहू दिली. आजही तेच करीन. हे मी ठामपणे लिहिते आहे, कारण मला अनेकांनी विचारलं की तू चुकलीस असं वाटतं का. नाही वाटत. पण बरोबर असल्याने झोप लागते, असं ज्यांना वाटतं, त्यांना बरोबर असण्याचा अनुभव नसावा.

हळूहळू गटावरची माणसं विरळ झाली. कुणाची परीक्षा, कुणाची पाठ, कुणाची कार्यालयातली पाळी बदलली. ही कारणं खोटी नव्हती. कर्णिकांची कंबर धरली, तरी ते पट्टा लावून आले, तेव्हा काकांनीच त्यांना खुर्चीला हात लावू दिला नाही. "कर्णिक, तुम्ही पडलात तर तुम्हाला कोण उचलणार?" आज कोण, असं विचारलं की अंगठ्याचं चित्र यायचं. अंगठे भरपूर, हात दोन. जमलं की मी आणि मामा जायचो. एकदा आम्ही बोरिवलीत शाफ्टमध्ये होतो आणि काकूंचा फोन आला, "चौघं जमत नाहीयेत गं." लिंक रोडवरून मुलुंडला पोचेपर्यंत केंद्रातली वेळ गेली होती. दुसऱ्या दिवशीची मिळाली. काकांचे पाय सुजून पांढरे पडले होते.

"रागावलात?" मी विचारलं.

"कुणावर?" ते म्हणाले. "लोकांची कामं असतात."

हेच ते. हे वाक्य मी इमारतीइमारतीत ऐकलं आहे. आपल्या माणसांना उपाशी राहता येतं, मागता येत नाही. आणि समोरच्यांनाही ते सोयीचं पडतं. ज्याने मागितलं नाही, त्याला नाही म्हणावं लागत नाही.

त्यानंतर गटावर काकांचे स्वतःचे निरोप येऊ लागले. जुन्या वळणाचे, पूर्णविरामासकट. "आज येण्याची तसदी घेऊ नये. प्रकृती ठीक आहे. धन्यवाद." त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. काळजी घ्या काका. छान काका. मालाडच्या त्या भिंतीवरची बटणं मला आठवली ती इथे. माणसं बटण फिरवत होती आणि त्यांना बरं वाटत होतं.

पहिला निरोप आला तेव्हा मी धावत गेले. ते खुर्चीत बसले होते, हसले. "खरंच बरं वाटतंय. परवा जाऊ." काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी मामांना आणि आणखी दोघांना गोळा केलं, काकांना रागावून नेलं. पण प्रत्येक निरोपाला मी मुलुंडमध्ये नव्हते. मधलं एक डायलिसिस चुकलं. मग आणखी एक.

ते एका सकाळी गेले. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा श्वास लागला होता. रुग्णवाहिका खाली उभी होती, तिची माणसं स्ट्रेचर घेऊन जिना चढत होती. ती चौथ्या मजल्यावर असताना वर सगळं संपलं.

मी पोचले तेव्हा इमारतीच्या खाली पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे आले होते. रजा टाकून आले होते. पाठ धरलेले, परीक्षा असलेले, पाळी बदललेले. तळमजल्यावरचे गृहस्थ बांबू आणि सुतळी घेऊन आले होते, त्यांनी स्वतःच्या हाताने तिरडी बांधली. जिन्यातलं चपलांचं कपाट कुणी न सांगता आत गेलं होतं. सात मजले त्यांनी काकांना खांद्यावरून उतरवलं. प्रत्येक वळणावर नवे खांदे पुढे येत होते. "मला द्या, मला द्या." एक थकला की दुसरा तयार. कुणाचाही तोल गेला नाही. अशा शिस्तीत, अशी अलगद, ती माणसं काकांना घेऊन खाली आली, आणि त्यातले कितीतरी मनापासून रडत होते.

मी पहिल्या मजल्यावर भिंतीला टेकून उभी होते. मामा माझ्या शेजारी होते. ते हळूच म्हणाले, "बघ मॅडम. माणसा होती." म्हणजे, माणसं होती.

कुणीतरी मला म्हणालं, "तुम्हीपण खांदा लावा ताई." मी नाही लावला. मला त्या क्षणी त्या सगळ्यांवर ओरडायचं होतं. पत्रकातल्यासारखं, मोठ्या अक्षरांत. पण समोर काकू होत्या आणि त्या प्रत्येकाला हात जोडत होत्या.

तेराव्यानंतरच्या सभेत लिफ्टची दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. कुणी पुस्तिकेचं नाव काढलं नाही. दोर आले, जबडे बनवून आले, आम्ही बसवले. लिफ्ट रिकामी करून खाली आणली, हळू सोडली, मी वरून चाक अडकवलं. खालून धाडकन आवाज आला आणि लिफ्ट जागच्या जागी थिजली. एरवी या आवाजाने मला आनंद होतो. आमच्या धंद्यात याहून गोड आवाज नाही. त्या दिवशी मी मशीनरूमच्या जमिनीवर बसून राहिले.

मग सातव्या मजल्यावर गेले. काकूंनी दार उघडलं.

"धरलं का गं?"

"धरलं, काकू."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "पोरं आहेत खाली." आणि त्यांनी मला पाणी दिलं.

ती इमारत अजून उभी आहे. येत्या वर्षभरात जाणार आहे.

मी अजून हेच काम करते. जिथे जबडे धरत नाहीत तिथे कुलूप लावते, पण आता कुलूप लावण्याआधी मी एक काम करते. सगळ्या मजल्यांवर फिरून बघते, जिना कुणाला उतरता येत नाही. ते माझं काम नाही असं मला सांगितलं जातं. बरोबर आहे, ते तुमचं आहे.

म्हणून एक मागणं आहे, आणि ते आजच करण्यासारखं आहे. हा अंक बाजूला ठेवा आणि जिन्याने वर जा. तुमच्या इमारतीत असं एक दार नक्की आहे, ज्याच्या आतलं माणूस एकट्याने खाली उतरू शकत नाही. ते दार तुम्हाला माहीत आहे. बेल वाजवा. "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका, ते सांगणार नाहीत. "पुढच्या वेळी खाली कधी जायचंय?" एवढं विचारा. तो दिवस लक्षात ठेवा. आणि त्या दिवशी "आज तसदी घेऊ नये" असा निरोप आला, तरी जा.